कडीची बंदूक

फौजदार कळंत्र्यांनी बंदुकीखालची कडी चौथ्यांदा ओढली आणि परत वर दाबली. खट-खटाक असा आवाज झाला. पंच म्हणून आणून बसवलेल्या दोघांतला चहावाला दचकून खुर्चीसकट मागे सरकला.

"आणि ही म्हणे लाकडाची," फौजदार म्हणाले.

"लाकडाचीच आहे साहेब. नळी तेवढी सायकलच्या पायपाची, ती पण पुढं चार बोटं. मागं सगळं सागवान. नख मारून बघा."

"मारलं. नखाला काळं आलं."

"काजळी आणि जवसाचं तेल आहे ते."

"एवढी काजळी कशाला फासलीस? बघणारानं फसावं म्हणूनच ना?"

बघणारानं फसावं म्हणूनच तर सहा आठवडे मरमर केली होती. सिनेमाची बंदूक आहे साहेब, हे मी त्यांना सकाळपासून दहा वेळा सांगितलं होतं. दहाही वेळा त्यांनी मान हलवली आणि कडी ओढली.

चौऱ्याहत्तर सालातला फेब्रुवारी होता. मी सव्वीस वर्षांचा. कोल्हापूरच्या बाहेर पडताना नाक्यावर मला धरलं होतं. सायकलच्या दांडीला गोणपाटात गुंडाळून बंदूक बांधलेली, आणि गोणपाट नेमकं टोकाला फाटलेलं. आठच दिवसांपूर्वी एका गुळाच्या अडत्याच्या घरावर बंदुका घेऊन दरोडा पडला होता, एकही दरोडेखोर सापडला नव्हता. हवालदाराला गोणपाटातनं नळी दिसली आणि त्याला आभाळ ठेंगणं झालं.

शिंत्रे नावाचे आमचे दिग्दर्शक मराठीत काउबॉयचं चित्र काढत होते. साल अठराशे ऐंशी, मुलूख कुठला ते विचारायचं नाही. आमच्या गावानं तोवर ढाल-तलवारीची चित्रं काढलेली, त्यामुळं सगळ्यांचे हात तिकडंच वळायचे. हिरोचा गोळ्यांचा पट्टा चपला शिवणाऱ्या कारागिराकडनं करून घेतला, तर त्यानं हौसेनं त्याला लाल गोंडा लावून दिला. हिरो पिस्तूल काढायचा ते म्यानातनं तलवार उपसावी तसं. शिंत्रे डोक्याला हात लावायचे, गोंडा कापायला लावायचे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुठंतरी गोंडा निघायचा.

बंदुकीचा तर वांधाच होता. आमच्याकडं मिळणार दुनळी, नाहीतर ठासणीची. शिंत्र्यांकडं परदेशी मासिकातलं एक पान होतं. त्यात खाली लोखंडी कडी असलेली बंदूक. कडी ओढली की पोटातली पुढची गोळी आपोआप वर येते. त्या काळात तिकडं हीच चालायची, हीच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. लाकडी हत्यारं करून देणं हेच माझं काम होतं. मी म्हणालो, करतो.

ह्यात तात्या आले, म्हणून त्यांचं सांगतो. तात्या म्हणजे माझे वडील, मार्तंड नवगिरे. आम्ही जिनगर, पिढीजात कारागीर. बंदूक दुरुस्तीचा सरकारी परवाना असलेलं त्यांचं दुकान होतं, आणि त्यांचा हात पाच तालुक्यांत नावाजलेला. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो आणि बाविसाव्या वर्षी खऱ्या बंदुका सोडून खोट्या करायला सिनेमात गेलो. ते त्यांच्या इतकं जिव्हारी लागलं होतं की चार वर्षांत माझ्या एकाही कामाकडं त्यांनी मान वर करून बघितलं नव्हतं. त्यांनी एकदा तरी बघावं असं मला वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार वाटायचं.

पोलीस ठाण्यात मी रडकुंडीला आलो होतो त्याला कारण दुहेरी होतं. एक तर चारच्या उन्हात ह्या बंदुकीचा जवळून शॉट होता. दुसऱ्या दिवशी हिरो मुंबईला जाणार होता आणि परत दोन महिने त्याची तारीख नव्हती. हे झालं शिंत्र्यांचं दुखणं. माझं वेगळंच होतं.

त्या शॉटमध्ये हिरो अंगठ्यानं बंदुकीचा घोडा मागं ओढणार होता. मी केलेले दोन लाकडी घोडे तालमीत मोडले होते. शिंत्रे म्हणाले, "तिसरा मोडला तर तोंड दाखवू नकोस." म्हणून मी तात्यांच्या दुकानातला खालचा खण उघडला. तिथं एका मेलेल्या इनामदाराच्या, नळी फुटलेल्या, अशाच कडीच्या बंदुकीचे सुटे भाग होते. वीस वर्षं पडून. मी त्यातला घोडा आणि कडी काढून घेतली आणि माझ्या लाकडात बसवली. शॉट झाला की परत ठेवणार होतो.

सुटा भाग झाला तरी कायद्याच्या लेखी ते हत्यारच. परवान्याच्या वहीत त्याची नोंद असते. बंदूकवाल्याच्या पोराला हे कळत नव्हतं असं मी कुणाला सांगणार? म्हणजे फौजदार जे म्हणत होते ते थोडंसं खरं होतं, आणि मी तोंड वर करून लाकूड, लाकूड म्हणत होतो.

"नाव पूर्ण सांग," फौजदार म्हणाले. सकाळपासून मी नुसतं दिगंबर सांगून वेळ मारून नेली होती.

"दिगंबर मार्तंड नवगिरे."

त्यांनी कडी सोडली. "बंदूकवाल्या नवगिऱ्यांचा कोण?"

"मुलगा."

"मग हे आधी बोलायला काय झालं? तुझे वडील येऊन सांगतील की लाकूड का लोखंड. विषय संपला."

साऱ्या जिल्ह्यात तो घोडा बघताक्षणी ओळखणारा एकच माणूस होता, आणि हे त्यालाच बोलावत होते.

"त्यांना कशाला साहेब? वय झालंय. आणि बापानं मुलासाठी सांगितलेलं चालतं का?"

"दुसऱ्या कुणाचं चाललं नसतं," फौजदार म्हणाले. "नवगिऱ्यांचं चालतं. त्यांनी एकदा 'ही बंदूक उडते' म्हणून लिहिलं की कोर्टात समोरचा वकील उलटतपासणीला उठत नाही. मुलाची काय, उद्या स्वतःची असली तरी ते खरंच लिहितील."

हवालदार सायकल घेऊन गेला. मी बाकावर बसून राहिलो. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजायला आले होते.

तात्यांच्या आधी, कुणाकडनं तरी ऐकून, शिंत्रे आले. जीपमधून उतरले ते डोक्यावर काउबॉयची हॅट घालूनच. मला वाटलं, सुटलो. पण हा माणूस बोलायला लागला की त्याला वाटायचं समोर पत्रकार बसलेत.

"साहेब, तुम्ही फसलात यातच आमचा विजय आहे," ते म्हणाले. "ह्या पोरानं काय चीज बनवलीय बघा. हुबेहूब त्या काळची. आधीचा घोडा लाकडी होता, मोडायचा. आता अस्सल लोखंडी बसवलाय. ओढून बघा, काय आवाज येतो."

मी त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय काढून घेतला आणि पुढं बोलत राहिले.

फौजदारांनी घोडा ओढून बघितला. मग कागद पुढं घेतला. "घोडा लोखंडी," ते लिहिता लिहिता म्हणाले. "कुठनं आणला?"

"जुन्या बाजारातनं," मी म्हणालो.

"तो बंदुकीचा आहे का?"

"मला काय कळतंय साहेब."

"नवगिऱ्यांच्या मुलाला कळत नाही," फौजदार पंचांकडं बघत म्हणाले. पंच हसले. मला ठार मारावंसं वाटलं, आधी शिंत्र्यांना आणि मग स्वतःला. तोवर सगळी गंमत चालली होती. आता फौजदारांच्या कागदावर एक प्रश्न आला होता आणि त्याखाली कुणाची तरी सही होणार होती.

अडीच वाजता तात्या आले. हवालदाराच्या सायकलवर मागं बसून, मांडीवर हत्यारांची पिशवी. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. फौजदारांनी उठून त्यांना खुर्ची दिली.

"तुमच्याच चिरंजीवांचा पराक्रम आहे," ते म्हणाले. "लाकडाची म्हणतोय. घोडा मात्र लोखंडी आहे. तो बंदुकीचा आहे की नाही एवढं बघा. बंदुकीचा असला तर मला आर्म्स ॲक्ट लावावा लागंल, आणि दरोड्याच्या तपासात ह्याला आत ठेवावं लागंल. नसला तर न्या घेऊन."

"बघतो," तात्या म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला. बंदूक हातात घेतली, नळी भिंतीकडं वळवली, कडी उघडून आत करंगळी घातली. भरलेली नाही ना, हे बघायची त्यांची पद्धत. सागवानाच्या ठोकळ्यातसुद्धा त्यांनी करंगळी घातली. चार वर्षांत पहिल्यांदा माझं काम त्यांच्या हातात होतं आणि मला नको नको झालं होतं.

"ल्ह्या," ते म्हणाले. "नळी पुढनं चार बोटं पोकळ, मागं बंद. दस्ता सागवानी. चाप लाकडी, त्यास कमान म्हंजी स्प्रिंग न्हाई. गोळी बसण्यास जागा न्हाई."

फौजदार लिहीत होते. शिंत्रे कौतुकानं मान डोलवत होते.

"घोडा," तात्या म्हणाले आणि थांबले.

त्यांनी घोडा अंगठ्यानं मागं घेतला आणि खिडकीकडं वळले. खणातल्या प्रत्येक सुट्या भागाला आतल्या बाजूनं त्यांचा आकडा ठोकलेला असायचा. मी तो मेण आणि काजळी भरून बुजवला होता. तात्यांचं नख बरोबर तिथं गेलं. मेणाचा बारीक कण त्यांच्या धोतरावर पडला. मी बघितला. त्यांनीही बघितला.

चष्मा काढून त्यांनी तो धोतराच्या सोग्यानं पुसला. एक काच पुसली, मग दुसरी, मग परत पहिली.

"काय तात्या?" फौजदारांनी विचारलं.

मी मनात म्हणत होतो, सांगून टाका. खरंच म्हणत होतो. त्यांना तसं ताटकळलेलं मला बघवत नव्हतं. पण मी घड्याळाकडं बघत राहिलो.

"शिवणयंत्राच्या भागातनं घासून केल्याला घोडा हाय," तात्या म्हणाले. "बंदुकीचा न्हाई."

"आणि कडी?"

"कडीबी तसलीच. खेळणं हाय साहेब."

"खेळणं असं लिहू?"

"ल्ह्या."

फौजदारांनी कागद फिरवला. तात्या सही करायचे ती एका फटक्यात, कोर्टातल्या कारकुनांना ती पाठ होती. त्या दिवशी त्यांनी नाव, बापाचं नाव, आडनाव असं एकेक अक्षर काढून लिहिलं. मग पेन बंद करून नीट टेबलावर ठेवलं.

"चला, सुटलास," फौजदार मला म्हणाले. "पुढच्या वेळी सायकलवर 'सिनेमा' अशी पाटी लाव."

बाहेर आल्यावर शिंत्र्यांनी तात्यांना जीपमधून सोडतो म्हणून आग्रह केला. तात्या नको म्हणाले. मी त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो. शिव्या देतील, थोबाडीत मारतील, काहीतरी करतील म्हणून. त्यांनी बंदुकीकडं बोट केलं.

"कडीचा स्क्रू उलटा बसवलाईस," ते म्हणाले. "ढिला हुईल."

आणि पिशवी खांद्याला लावून ऊन तुडवत चालायला लागले. ठाण्यापासून दुकान तीन मैल होतं.

चारला दहा कमी असताना आम्ही शूटिंगच्या माळावर पोचलो. शॉट झाला. हिरोनं घोडा ओढला, मोडला नाही. शिंत्रे खूष होते, पण लगेच म्हणाले, "आवाज जरा बारीक येतोय. नंतर दुसरा घालू." सहा आठवडे मी त्या आवाजासाठी जीव आटवला होता.

ते चित्र लागलं पुढच्या दिवाळीनंतर आणि उतरलं आठवड्यात. त्या शॉटमध्ये हिरोची हॅट मध्ये आलीय. बंदुकीची नळी दिसते, हिरोचा अंगठा हलताना दिसतो, आणि आवाज येतो तो कुठल्यातरी दाराच्या अडसराचा. मी तिकीट काढून तीनदा बघितलं. तीनदा हॅटच दिसली.

पण ते नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी मी घरी न जाता आधी दुकानात गेलो. घोडा आणि कडी काढली, मेण खरवडलं, रॉकेलनं धुतली, तेल लावलं आणि खणात होती तशी ठेवली. वही उघडून बघितली. घोडा एक, कडी एक. आकडा बरोबर. मला हायसं वाटलं. झालं ते झालं, कुणाचं काही गेलं नाही, असं मी स्वतःला समजावलं. घरी तात्या जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी जेवले, झोपले. मी दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ते उठून बाहेर गेले.

सोमवारी दुपारी मी दुकानावरनं जात होतो तर पाटी काढलेली. दाराशी शिडी होती. आत कपाटं रिकामी, खण रिकामा. तात्या जमिनीवर बसून वाण्याचा पितळी स्टोव्ह खोलत होते.

"हे काय?" मी विचारलं.

"परवाना जमा केला," ते म्हणाले. "वही, खणातला माल, समदं कलेक्टर कचेरीत देऊन आलो. पावती हाय."

"का?"

त्यांनी स्टोव्हची पिन तोंडात धरली होती. बोटं बर्नरवर चालूच होती.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी बापासमोर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "अहो, सगळं जागच्या जागी ठेवलंय मी. आकडा जुळतोय. कुणाला कळलेलं नाही, कुणाला कळणार नाही. तीस वर्षांचं दुकान असं कोण बुडवतं? माझ्यावर राग आहे तर मला मारा. ही कसली शिक्षा मला?"

"तुजा राग न्हाई."

"मग खरं सांगायचं होतं तिथंच. गेलो असतो मी आत. सहा महिने, वर्ष. आलो असतो बाहेर."

"तेबी करता आलं न्हाई," तात्या म्हणाले.

ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले की मला पुढं ओरडता येईना. मी उंबऱ्यावर बसलो. रस्त्यानं माणसं जात होती, पाटीच्या जागेकडं बघत होती. आज मी तात्यांच्या त्या दिवसाच्या वयापेक्षा मोठा आहे आणि तरी मला तो संताप आठवतो. मनात येतं, एवढं ताठ कशाला राहायचं माणसानं. त्यानंतर अकरा वर्षं त्यांनी लोकांचे स्टोव्ह आणि कुलपं दुरुस्त केली. त्यांच्यासारखा बंदुकीचा हात पुन्हा आमच्याकडं झाला नाही, आणि तो हात मी घालवला, एका हॅटमागं लपलेल्या शॉटसाठी.

उंबऱ्यावरनंच मी विचारलं, "तात्या, एका खोट्या ओळीसाठी एवढं?"

त्यांनी तोंडातली पिन काढली.

"एक वळ न्हवं दिगू," ते म्हणाले. "कोर्टात माझ्या सहीवर आजवर चौदा पोरं आत गेल्यात. काही तुज्याएवढीच हुती. त्यांचं बाप बाहेर वऱ्हांड्यात माझ्या पाया पडायचे. म्हणायचे, तात्या, बंदूक मोडकी हाय म्हणून ल्ह्या, पोरगं वाचंल. मी त्यांस्नी म्हणायचो, मला जे दिसतंय तेच मी ल्हिणार."

त्यांनी स्टोव्ह पुढं ओढला आणि परत कामाला लागले.

"त्यातल्या एकाबी बापाला मला आता तोंड दाखवता येत न्हाई," ते म्हणाले.